गैरमुलकी माणसाचे मत

निजामाच्या राज्यात बाहेरच्या प्रांतातून आलेल्या मनुष्यास सरकारी चाकरी हवी असेल तर त्याला आधी मुलकी, म्हणजे संस्थानचा रहिवासी, व्हावे लागे, आणि १९१९ च्या मुलकी नियमांनी त्यासाठी जी अट घातली होती ती मला आजही विचार करण्याजोगी वाटते. संस्थानात किमान पंधरा वर्षांचे कायम वास्तव्य तर हवेच. पण तेवढ्याने भागत नसे. आपण पूर्वीच्या गावी परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे, असे शपथपत्र मॅजिस्ट्रेटसमोर करून द्यावे लागे. वास्तव्य मोजता येते, दप्तरात नोंदविता येते, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबानीने शाबीतही करता येते. परंतु मनुष्याच्या अंतःकरणातील परतीचा विचार खरोखर गेला की नाही, हे कोणत्या पेशकाराने आणि कसे तपासावे? तरीही ती अट कागदावर होती, आणि आलेल्या माणसाविषयी समाजाला खरी शंका कशाची असते हे ती लिहिणाऱ्यांना नेमके ठाऊक होते, असे म्हणणे भाग आहे.

ते नियम १९७३ साली संसदेने रद्द केले. मराठवाडा तर त्याच्या बराच आधी हैदराबादेच्या दप्तरातून बाहेर पडला होता. पण शपथपत्राची अपेक्षा मात्र लातूर-नांदेडच्या बोलण्याचालण्यात अद्याप जिवंत आहे. मी मूळचा भालकी तालुक्यातला, नोकरीनिमित्त लातुरास आलो आणि येथेच राहिलो. 'मूळचे कुठले?' हा प्रश्न मला आजही विचारला जातो, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही; सोयरीक जुळविताना किंवा जात आडवळणाने विचारताना आपल्याकडे तो नेहमीचाच आहे. खटकतो तो त्यामागून येणारा दुसरा प्रश्न. देवधर्माचा विषय निघो, नव्या यंत्राचा निघो की निवडणुकीचा, माझे मत विचारले जाते ते मत म्हणून नव्हे, तर मी कोणत्या बाजूचा आहे याची चाचपणी म्हणून. गावातल्या जुन्या माणसाचे मत चुकले तर तो चुकला एवढेच म्हणतात. आलेल्या माणसाचे मत चुकले की तो बाहेरचा ठरतो.

आणि बाहेरचा म्हणजे तरी कोण? १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले तेव्हा बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले. भालकी आणि खुद्द बीदर म्हैसूर राज्यात गेले. नांदेड जिल्ह्यातला मुधोळ आंध्रात गेला आणि आदिलाबादेतला किनवट नांदेडास मिळाला. माझे वडील त्या दिवशी घरातून हललेही नव्हते, आणि त्यांचे व्याही मात्र परराज्यातले झाले. ज्या मुलखाने आठ वर्षांत निजामी अंमल संपताना पाहिला, मग हैदराबाद राज्य, मग द्विभाषिक मुंबई राज्य आणि त्यानंतर चारच वर्षांनी महाराष्ट्र पाहिला, त्या मुलखाने तरी परकेपणाला रक्ताचा गुण समजू नये. तो पुष्कळदा सरकारी राजपत्राचा गुण असतो.

धर्माच्या बाबतीत आलेला माणूस सहसा दबत नाही, उलट मूळ ठिकाणच्यापेक्षा अधिक कडवा राहतो, याचे उदाहरण नांदेडास गोदावरीकाठी उभे आहे. गुरु गोविंदसिंहांनी १७०८ साली येथे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले आणि येथेच देह ठेवला. रणजितसिंहांच्या पाठबळाने एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात सचखंड गुरुद्वाराची आजची वास्तू उठली, आणि त्या निमित्ताने व निजामाच्या चाकरीत पंजाबातून आलेल्या शिपाई-कारागिरांची कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांचे वंशज आज मराठी बोलतात आणि स्वतःला दखनी शीख म्हणवितात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पंजाबातल्या सुधारणेच्या चळवळीने जे पुष्कळसे जुने उपचार गुरुद्वारांतून बाहेर काढले, ते नांदेडने ठेवले: दिव्यांनी ओवाळून केलेली आरती, शस्त्रांना लावलेला चंदनाचा टिळा, ग्रंथसाहिबाशेजारी दशम ग्रंथाचा प्रकाश. सचखंड एक्सप्रेसने अमृतसरहून आलेला एखादा यात्रेकरू हे पाहून भुवई उंचावतो; येथला शीख म्हणतो की जुने ते आमच्याकडे आहे, तुम्ही बदललात. दोघांचेही खरे आहे. अमेरिकेत गणेशोत्सव करणाऱ्या मराठी कुटुंबाचे तरी काय वेगळे आहे? मूळ गाव बदलत राहते आणि सोडून गेलेला माणूस ते गाव जसे सोडले तसेच जपतो. त्याच्या धर्ममतात पुष्कळदा श्रद्धेइतकीच स्मृती असते, हे ध्यानात घेतले तर त्याच्या कडवेपणाचा आपल्याला इतका राग येणार नाही.

परंतु सीमेवरच्या या दोन जिल्ह्यांत सर्वांत मोठ्या संख्येने येणारा गैरमुलकी मनुष्य कोण, असे मला कोणी विचारले तर मी ना शिपायाचे नाव घेईन ना मारवाडी आडत्याचे. तो मनुष्य म्हणजे सून. देगलूर, उदगीर, औसा, निलंगा, कुठेही जा. बीदर, औराद, मदनूर, बिचकुंदा या बाजूंशी रोटीबेटीचा व्यवहार राज्यांच्या सीमा आखण्यापूर्वीपासून चालू आहे, आणि सीमा आखल्यावरही तो थांबला नाही. जिचा कुळधर्म, कुलदैवत आणि नाव एका दिवसात बदलते, तिचे मत काय, हे विचारण्याचे मात्र कोणाला सुचत नाही.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्याची झुंबड उडाली होती तेव्हा उदगीरच्या एका सेवा केंद्रात मी माझ्या कामासाठी बसलो होतो. आधी अधिवासाचा दाखला मागितला गेला. मग शासनाने सवलत दिली, की त्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला अथवा जन्माचा दाखला चालेल. मुलकी नियमांतली पंधरा वर्षे इतक्या सहजपणे पुन्हा कागदावर उतरलेली पाहून मला हसू आले. परराज्यात जन्मलेल्या सुनांसाठी नवऱ्याचे कागद ग्राह्य धरावेत, असेही ठरले होते. अशीच एक मुलगी, पंचविशीच्या आतबाहेरची, सासूबरोबर आली होती. कागद कॅरीबॅगेत. आधारकार्डावर माहेरचा पत्ता, कानडी लिपीत.

"वैनी, हे काय लिहिलंय म्हणावं?" केंद्राच्या चालकाने कार्ड उलटसुलट करीत विचारले.

तिने ते घडाघडा वाचून दाखविले. अर्जावर मराठी सही करताना ती दोनदा अडखळली होती म्हणून आम्ही सगळ्यांनीच मनातल्या मनात तिला अडाणी ठरविले होते. ती कानडी शाळेत दहावी झालेली निघाली. मोबाईलवर आलेला ओटीपीही तिनेच, सासूच्या हातातला फोन घेऊन, कानडी अक्षरांतून शोधून दिला. चालकाने सल्ला दिला की आधारवरचा पत्ता उदगीरचा करून टाका, पुढे सारखे लागते. यावर ती प्रथमच स्वतःहून बोलली.

"पत्ता बदलला की तिकडं बसचं तिकीट लागतंय."

कर्नाटकाने जून २०२३ पासून आपल्या राज्यातील स्त्रियांना साध्या बसमधून फुकट प्रवास दिला आहे, आणि त्यासाठी ओळखपत्रावर त्या राज्याचा पत्ता लागतो. आपल्या एसटीत त्याच वर्षीच्या मार्चपासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, पण पत्ता कोणी विचारत नाही. म्हणजे सीमेपर्यंत अर्धे तिकीट, तेथून माहेरापर्यंत काही नाही. पत्ता बदलला तर येथल्या कचेऱ्या सुलभ होतात आणि माहेरची वाट महाग होते. सासू म्हणाली, "माहेराला जायचं कशाला हाय आता सारखं?" निजामाच्या मॅजिस्ट्रेटसमोर जे शपथपत्र रीतसर करून द्यावे लागे ते या माउलीने एका वाक्यात मागितले. मुलीने उत्तर दिले नाही. पत्ताही बदलला नाही.

दोन राज्यांची धोरणे, स्वतःची गरज आणि घरातली आपली जागा यांचा हिशेब करून एका बाईने काढलेला हा निष्कर्ष राजकीय मत नाही, तर काय आहे? वृत्तपत्रांतून लाभार्थी स्त्रियांच्या मतांविषयी जे रकाने भरून येते त्याहून हे मत मला अधिक पक्के वाटते. मात्र चालकाने गमतीने विचारले, की मग वैनी मत कोणाला, तेव्हा तिने सासूकडे पाहिले आणि "ते म्हणतील तसं" असे म्हणून मोकळी झाली.

यंत्राविषयीही आलेल्या माणसाचे मत असेच स्वतःच्या हिशेबातून येते. आपण सुशिक्षित मंडळी यंत्राला निर्दय म्हणतो. आलेल्या माणसाला ते पुष्कळदा माणसांपेक्षा बरे वाटते, कारण दुकानातला क्यूआर कोड मूळचे कुठले हे विचारीत नाही. रेशनकार्ड देशभर चालू लागल्याने कामासाठी आलेल्या मजुराला आपला तांदूळ-गहू ज्या गावी असेल तेथे उचलता येतो, हे त्याच्या दृष्टीने कोणत्याही भाषणापेक्षा मोठे आहे. उलट जो ऊसतोडणीला जातो, विटा थापतो, त्याच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, आणि दुकानदार सांगतो की अंगठा लागत नाही, उद्या या. उद्या त्याची मजुरी बुडते. यंत्राचा जो भाग ओळख मागत नाही तो त्याला आवडतो आणि जो मागतो तो छळतो, इतके साधे आणि इतके अनुभवाचे त्याचे तंत्रज्ञानविषयक मत आहे.

राजकारणावर मात्र तो गप्प राहतो. मला सीमाप्रश्नावर विचारतात, आणि बेळगाव-कारवार-निपाणी-बीदर-भालकी ही घोषणा ऐकत वाढलेल्या माणसाकडून एकच उत्तर अपेक्षित असते. भालकी महाराष्ट्रात असती तर मला आनंदच झाला असता. पण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्यापेक्षा तेथल्या मराठी शाळेला शिक्षक मिळतो की नाही याची मला अधिक काळजी आहे, असे मी म्हटले की बैठकीतला आवाज उतरतो. म्हणून मीही पुष्कळदा बोलत नाही. ही शांतता म्हणजे संमती नव्हे, आणि ती किती दिवस टिकते हेही ठरलेले नसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेडच्या गुरुद्वारा मंडळावर सरकारनियुक्त सदस्यांची संख्या वाढविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा तेथले हेच शीख १९५६ च्या कायद्याचा आधार घेऊन रस्त्यावर उतरले आणि शासनाला तो बेत स्थगित ठेवावा लागला. त्या दिवशी कोणाच्या तोंडी बाहेरचे हा शब्द आला नाही. त्यासाठी मात्र पिढ्यान्‌पिढ्या जाव्या लागल्या.

कायदा इतका कृपण नाही. मतदार म्हणून नाव नोंदवायला १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा अठरा वर्षे वय आणि त्या ठिकाणी सामान्यतः वास्तव्य एवढेच मागतो. पंधरा वर्षे नाहीत, अधिवासाचा दाखला नाही, आणि परतीच्या विचाराचे शपथपत्र तर नाहीच. तरी आलेला माणूस नाव हलवीत नाही, कारण गावाकडचे नाव कटले की गावाकडचा हक्कही कटला असे त्याला वाटते, आणि येथे त्याला यादीत घ्यावे अशी निकड येथल्या पुढाऱ्यांनाही नसते. लातूर-नांदेडच्या मंडळींनी या बाबतीत परप्रांतीयांना दोष देऊ नये. चाकण आणि हिंजवडीत आपली जी मुले खोली घेऊन राहतात त्यांची नावे अजून औसा, अहमदपूर, मुखेड, कंधारच्या याद्यांत आहेत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उमेदवार त्यांच्यासाठी ट्रॅव्हल्सची गाडी पाठवितो, ती रात्री बसतात, सकाळी मत देतात आणि संध्याकाळी परत कामावर निघतात. ज्या वस्तीत ती वर्षानुवर्षे टँकरचे पाणी विकत घेतात, तेथल्या लोकप्रतिनिधीला त्यांच्या दारी येण्याचे काहीच कारण उरत नाही.