कहाणी म्हणजे गवाही नव्हे

ब्लॉकचेनच्या धंद्यात एक मोठी विसंगती आहे. हे तंत्रज्ञान पुढे आले तेच मुळी माणसावर विश्वास ठेवण्याची गरज उरू नये म्हणून. 31 ऑक्टोबर 2008 रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची कल्पना मांडणारा नऊ पानांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यामागच्या व्यक्तीचे खरे नाव, गाव, बालपण, शिक्षण यांपैकी काहीही आजवर खात्रीने कळलेले नाही. 2011 नंतर ती व्यक्ती कामातून बाजूलाही झाली. तरी बिटकॉइन चालू आहे, कारण त्याची वही उघडी आहे आणि ती कोणालाही तपासता येते.

आज मात्र याच क्षेत्रात नाणे विकायचे असेल तर त्याआधी संस्थापकाची जीवनकहाणी विकली जाते. लहानपणी सोसलेली गरिबी, आईचे कष्ट, बँकेने केलेला अपमान, मग एका रात्री झालेला साक्षात्कार आणि शेवटी जगाचे भले करण्याचा निर्धार. कहाणी ऐकताना आपले डोळे पाणावतात आणि हिशेब विचारायचा राहून जातो.

सॅम बँकमन-फ्रिडचे उदाहरण घ्या. त्याने 2019 मध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज काढले. आईवडील दोघेही स्टॅनफर्डमध्ये कायद्याचे प्राध्यापक, म्हणजे गरिबीची कथा सांगण्याची सोय नव्हती. म्हणून त्यागाची सांगितली गेली. हा अब्जाधीश विस्कटलेल्या केसांनी, हाफ पँटवर फिरतो, बीनबॅगवर झोपतो, साधी टोयोटा कोरोला चालवतो आणि कमावलेले सगळे दान करणार आहे. सिकोया कॅपिटल या नामांकित गुंतवणूक कंपनीने त्याच्यात 21 कोटी डॉलरहून अधिक पैसे घातले होते. तिने सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या संकेतस्थळावर त्याचे लांबलचक कौतुकपर चरित्र छापले. नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स दिवाळखोरीत गेली आणि ते चरित्र गुपचूप काढून टाकण्यात आले. ग्राहकांचे सुमारे 8 अब्ज डॉलर गायब होते. पुढे खटल्यात त्याचीच सहकारी कॅरोलाइन एलिसन हिने शपथेवर सांगितले की आधीची महागडी गाडी बदलून कोरोला घेतली गेली ती प्रतिमेसाठी, आणि विस्कटलेले केसही त्याला आपल्या प्रतिमेचा मोलाचा भाग वाटत. मार्च 2024 मध्ये त्याला 25 वर्षांची शिक्षा झाली.

दुसरे उदाहरण आपल्या दारापर्यंत आलेले आहे. वनकॉइनची रुजा इग्नातोवा. बल्गेरियात जन्म, जर्मनीत शिक्षण, कायद्यात डॉक्टरेट. यातले बरेचसे खरे होते. 'डॉक्टर रुजा' म्हणून 2016 मध्ये ती लंडनच्या वेम्बली अरेनात हजारो लोकांसमोर उभी राहिली. खोटे होते ते नाणे. त्यामागे खरी ब्लॉकचेनच नव्हती. एप्रिल 2017 मध्ये नवी मुंबई पोलिसांनी वनकॉइनच्या सभेवर धाड टाकून 18 जणांना अटक केली, म्हणजे ही कहाणी आपल्या भागातही खपत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रुजा सोफियाहून अथेन्सच्या विमानात बसली आणि नाहीशी झाली. 2022 पासून तिचे नाव एफबीआयच्या दहा मोस्ट वाँटेड गुन्हेगारांच्या यादीत आहे.

यावर कोणी म्हणेल, सगळेच संस्थापक काही ठग नसतात. बरोबर आहे. इथेरियमचा विटालिक बुटेरिन सांगतो की एका व्हिडिओ गेममध्ये कंपनीने त्याच्या आवडत्या पात्राची शक्ती परस्पर काढून घेतली आणि एकाच्या हाती सगळी सत्ता असण्याचा धोका त्याला तेव्हा कळला. गोष्ट खरी असेल, गमतीची तर आहेच. पण इथेरियम चालते ते या गोष्टीमुळे नव्हे. त्याचा कोड जगभरचे लोक उघडून वाचतात म्हणून चालते. मुद्दा कहाणी खरी की खोटी हा नाहीच. कहाणी खरी असली तरी ती तुमच्या पैशाच्या सुरक्षिततेचा पुरावा होत नाही, हा मुद्दा आहे.

आपल्या समाजासाठी तर हे अधिक महत्त्वाचे आहे. आपल्याकडे कहाणीला दीनदारीची जोड मिळते. संस्थापक पाचवक्ती नमाजी आहे, व्याज घेत नाही, मदरशाला मदत करतो, एवढे कळले की योजना आपोआप 'हलाल' ठरते. बेंगळुरूच्या आयएमए प्रकरणात ब्लॉकचेनचा संबंध नव्हता, पण विश्वास असाच मिळवला गेला होता. 2019 मध्ये संस्थापक दुबईला निघून गेला तेव्हा मागे हजारो ठेवीदार उरले. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते, मुलीच्या लग्नासाठी पै पै साठवलेली कुटुंबे होती.

खरे तर आपल्या परंपरेची शिकवण याच्या अगदी उलट आहे. हजरत उमर यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. एकाने दुसऱ्याची खात्री दिली, तेव्हा त्यांनी विचारले की तू त्याचा शेजारी आहेस का, त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस का, त्याच्यासोबत प्रवास केला आहेस का? तिन्हींचे उत्तर नाही आले. तेव्हा ते म्हणाले की मग तू त्याला फक्त मशिदीत मान खालीवर करताना पाहिले असशील, तू त्याला ओळखत नाहीस. कुरआनमधील सर्वात मोठी आयत (सूरह बकरा, 282) उसनवारी लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे, आणि ती ईमानवाल्यांनाच उद्देशून आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना नेक माणसे असली तरी कागद हवाच. कागद मागणे हा समोरच्याच्या ईमानावर संशय नव्हे, तो हुकुमाचा भाग आहे.

भारतात एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या जाहिरातींत धोक्याची सूचना देणे जाहिरात क्षेत्राच्या आचारसंहितेने आवश्यक केले आहे. पण संस्थापकाची हृदयस्पर्शी मुलाखत जाहिरातीसारखी दिसतच नाही, म्हणून ती जास्त खोल जाते. तिथे सूचना आपली आपणच लावून घ्यावी लागते.

म्हणून कोणी कहाणी ऐकवली तर ऐकून घ्यावी आणि मग शांतपणे विचारावे. माझे पैसे कोणाच्या ताब्यात राहतील? हिशेब कोण तपासतो, आणि तो तपासनीस कोणाच्या पगारावर आहे? सांगितलेला नफा नेमक्या कोणत्या धंद्यातून येतो? संस्थापकाने स्वतःसाठी किती नाणी ठेवली आहेत आणि ती तो कधी विकू शकतो? मी आज सगळी रक्कम मागितली तर आज मिळेल का? आणि मशिदीच्या विश्वस्तांनी, जमातच्या जबाबदार मंडळींनी अशा माणसाला माईक देण्याआधी हेच प्रश्न विचारावेत. त्यांनी दिलेला माईक ऐकणाऱ्यांच्या लेखी गवाहीच ठरतो.