विश्लेषण : वैमानिकाच्या तोंडी परीक्षेत अडतं कुठे? इंग्रजीत की संकोचात?

कऱ्हाडला कोयना प्रकल्पाच्या काळात बांधलेली धावपट्टी आहे. सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी विमानतळाच्या मागणीमुळे अधूनमधून बातम्यांत येते. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. आकाशाची ओढ या दोन जिल्ह्यांना नवी नाही. मात्र व्यावसायिक वैमानिक होण्याचा खर्च चाळीस लाखांच्या पुढे जातो. कुणी शैक्षणिक कर्ज काढतं, कुणी जमीन तारण ठेवतं. एवढं करूनही काही उमेदवार अडतात ते विमान उडवता येत नाही म्हणून नव्हे, तर रेडिओवरच्या तोंडी परीक्षेत. ही परीक्षा आहे तरी कशी, आणि तिची तयारी नेमकी कुठे चुकते?

ही परीक्षा कोणती?

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी, किमान २०० तासांचं उड्डाण आणि दिशाशोधन, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचं तंत्र या विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. त्याशिवाय विमानातील रेडिओ वापरण्याचं प्रमाणपत्र लागतं. उमेदवार त्याला नुसतं ‘आरटीआर’ म्हणतात. वर्षानुवर्षं ही परीक्षा दूरसंचार विभाग घेत असे, तीही मोजक्या महानगरांत. ‘भारतीय वायुयान अधिनियम, २०२४’ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याने १९३४ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली आणि या प्रमाणपत्राचं काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे ‘डीजीसीए’कडे आलं. परवाना देणारी आणि रेडिओची परीक्षा घेणारी यंत्रणा आता एकच आहे.

परीक्षक काय पाहतात?

परीक्षेच्या दोन बाजू आहेत. एक, काल्पनिक उड्डाण समोर ठेवून नियंत्रकाशी रेडिओवर बोलून दाखवायचं. दुसरी, नियम आणि रेडिओच्या तत्त्वांवरचे प्रश्न. उदाहरणार्थ, उड्डाणानंतर रेडिओ बंद पडला तर काय कराल? उत्तर अनेकांना पाठ असतं : ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा आकडा लावायचा. परीक्षक तिथे थांबत नाहीत. बाहेर स्वच्छ दिसत असेल तर? तर तसंच बाहेर पाहत उडत राहून जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचं. मनोऱ्यावरून स्थिर हिरवा दिवा दिसला तर? उतरायला परवानगी. स्थिर लाल दिसला तर? दुसऱ्या विमानाला वाट द्यायची आणि घिरट्या घालत राहायचं. एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघतो, आणि पाठांतर दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच संपतं.

तत्त्वांचंही तसंच. विमानाचा व्हीएचएफ रेडिओ साधारण सरळ रेषेत चालतो, म्हणून उंची वाढली की पल्ला वाढतो. दहा हजार फुटांवर तो ढोबळमानाने १२३ सागरी मैल, म्हणजे सुमारे २३० किलोमीटर भरतो. हे सूत्र पुस्तकात आहे. पण कोयनेच्या खोऱ्यात उतरताना मोबाइलची रेंज का जाते, हे ज्याला कळलं त्याला डोंगराआड खाली उडणाऱ्या विमानाचा रेडिओ का मुका होतो, हे घोकावं लागत नाही.

एवढी काटेकोर भाषा कशासाठी?

कारण यातले बरेच नियम अपघातांनी शिकवले. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ जणांचा जीव गेला. एक विमान उड्डाणाची परवानगी मिळाल्याचं गृहीत धरून निघालं होतं. नियंत्रक आणि दुसरं विमान एकाच क्षणी बोलल्याने दोघांचे संदेश शिट्टीसारख्या आवाजात बुडाले. समोरची धावपट्टी मोकळी नसल्याची शंका कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला आली होती. त्याने ती बोलूनही दाखवली. पण कॅप्टनपुढे ती टिकली नाही. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द केवळ प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरण्याचा दंडक आला. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं.

२५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ एव्हिआन्का कंपनीचं विमान इंधन संपून कोसळलं आणि ७३ जण मरण पावले. चालकदलाने प्राधान्य मागितलं, इंधन संपत आल्याचंही सांगितलं. पण ‘आणीबाणी’ हा शब्द उच्चारला नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण गेले. कझाक विमान ठरवून दिलेल्या १५ हजार फुटांच्या खाली उतरलं होतं, आणि त्याच्या चालकदलाच्या इंग्रजीचा मुद्दाही चर्चेत आला. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिकांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या. त्यातली चौथी पातळी २००८ पासून किमान मानली जाते.

मराठी माध्यमाचा अडसर खरा किती?

समजतात त्याहून बराच कमी. रेडिओवरचं इंग्रजी म्हणजे फर्डं संभाषण नव्हे. शब्द मोजके आणि ठरलेले असतात. तिथे नऊला ‘नाइनर’ म्हणतात, तीनला ‘ट्री’ आणि पाचला ‘फाइफ’, म्हणजे खरखरीतही आकडा चुकत नाही. जत किंवा खटाव तालुक्यातल्या शाळेत शिकलेल्या मुलीला हे आत्मसात करणं कॉन्व्हेंटच्या मुलाइतकंच सोपं किंवा अवघड आहे. किंबहुना घरात सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्याला मोकळं बोलण्याची सवय मोडावी लागते.

खरा अडसर संस्काराचा आहे. मोठ्यांनी सांगितलं की ‘हो’ म्हणायचं, उलट विचारायचं नाही, ही आपल्याकडची शिस्त. शाळेतली तोंडी परीक्षाही बहुतेक ठिकाणी गुण पदरात टाकण्यापुरती उरली आहे. नियंत्रकाने ‘डिसेंड टू फाइफ थाउजंड फीट’ म्हटलं की असा उमेदवार ‘रॉजर सर’ म्हणून मोकळा होतो. ‘रॉजर’चा अर्थ ‘तुमचा संदेश पूर्ण मिळाला’ एवढाच. ‘हो’ किंवा ‘करतो’ नव्हे. उंची, धावपट्टीचा क्रमांक, दिशा हे सारं तसंच उलट म्हणून दाखवायचं आणि शेवटी आपल्या विमानाचं नाव घ्यायचं. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं. त्यात उद्धटपणा नाही, ते कर्तव्य आहे. परीक्षेच्या खोलीत जो ‘से अगेन’ म्हणायला लाजतो, तो धुक्यात आणि थकव्यात म्हणेल याची खात्री कुणी द्यावी?

मग तयारी कशी हवी?

आज ही तयारी बहुतेकदा शेवटी, उड्डाणाचे तास संपत आल्यावर, मागच्या परीक्षार्थींकडून मिळालेल्या प्रश्नांच्या पीडीएफवर होते. हे उलटं आहे. रेडिओ पहिल्या दिवसापासून तोंडी असायला हवा. कुस्तीच्या आणि नाटकाच्या या मुलखाला तालीम म्हणजे काय हे सांगायला नको : पुस्तक वाचून डाव बसत नाही आणि संहिता वाचून भूमिका उभी राहत नाही.

दोघांनी पाठीला पाठ लावून बसावं. एकाने नियंत्रक व्हावं, दुसऱ्याने वैमानिक. चेहरा दिसला की अर्थ अंदाजाने कळतो, रेडिओवर तो आधार नसतो. नियंत्रकाने मुद्दाम कधी भराभर बोलावं, कधी चुकीची उंची सांगावी. वैमानिकाने आकडे कागदावर टिपून परत म्हणावेत, शंका आली तर थांबवावं. आपलं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकलं की कुठे अडखळतो हे दुसऱ्याने सांगावं लागत नाही. प्रत्येक नियमाला ‘का?’ विचारावं. ‘मेडे’ आणि ‘पॅन पॅन’ यांतला फरक व्याख्येने नव्हे, प्रसंगाने समजून घ्यावा : इंजिनाला आग लागली तर ‘मेडे’, प्रवासी आजारी आहे, पण विमान सुस्थितीत आहे, तर ‘पॅन पॅन’.

बदल कुणी करायचा?

परीक्षा ‘डीजीसीए’कडे आल्याने एक संधी तयार झाली आहे. रेडिओचा सराव उड्डाण प्रशिक्षणाचा भाग म्हणून मोजला जावा. प्रत्येक उड्डाणानंतर प्रशिक्षकाने संभाषणावरही शेरा द्यावा. तोंडी परीक्षेतील मूल्यमापनाचे निकष जाहीर व्हावेत आणि नापास उमेदवाराला तो कुठे कमी पडला हे कळावं. त्यासाठी परीक्षा सोपी करण्याची गरज नाही. जिच्यावर शेकडो प्रवाशांचा भरवसा आहे ती अवघडच असावी. पण अंधारात देण्यासारखी नसावी.

पालकांच्या हातातही काही आहे. संस्थेत पैसे भरण्यापूर्वी विमाने किती, वसतिगृह कसं, हे सगळेच विचारतात. त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत : मुलं रेडिओवर रोज किती बोलतात, आणि त्यांच्या चुका कोण ऐकतं? समोरून नुसतं ‘शेवटी करून घेतो’ असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न विचारायला पालकांनीही संकोचू नये.