गुळवेलीचे दीड कोटी

आपल्या शहापूर-मुरबाडच्या रानात गुळवेल कुणी लावली नाही. आंबा म्हणू नका, निंब म्हणू नका, मिळेल त्या झाडावर ती आपली आपण चढते. पत्त्यांतल्या बदामासारखी पानं आणि दोरीसारखा लांबलचक वेल. घरात कुणाचा ताप हटेना झाला की म्हातारी माणसं कोयत्यानं हातभर तुकडा तोडून आणायची, ठेचून काढा उकळायची आणि नाक दाबून पाजायची. तो कडू घोट अजून जिभेवर आहे. एवढाच तिचा आणि आपला संबंध.

त्याच गुळवेलीवर शहापूरच्या कातकरी तरुणांनी धंदा उभा केला. सुनील पवार आणि त्यांचे दहा-बारा सोबती. आधी ही मुलं महसूल कचेरीभोवतीची किरकोळ कामं करत. मग गावच्या बाजारात ओली गुळवेल विकू लागली. पुढे आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था आणि वनधन केंद्राच्या आधारानं वेल गोळा करायचा, तुकडे करायचे, वाळवायचे आणि कारखान्यांना पाठवायचे, असं काम सुरू झालं. 2021 साली डाबर, बैद्यनाथ, हिमालय अशा कंपन्यांकडून त्यांना 350 टनांची मागणी आली. रक्कम 1 कोटी 57 लाख रुपये. सरकारनं ही हकिकत जाहीर केली, वर्तमानपत्रांत छापून आली, आणि आपल्याकडच्या चहाच्या टपऱ्यांवर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. "अरे, रानातला वेल विकून पोरं करोडपती झाली!"

मंडळी, टपरीवरचा हिशेब तेवढाच असतो. आपण जरा वही-पेन्सिल घेऊन बसू. साडेतीनशे टन म्हणजे साडेतीन लाख किलो. एक कोटी सत्तावन्न लाखांना साडेतीन लाखांनी भागा. किलोला पंचेचाळीस रुपयेसुद्धा पुरते पडत नाहीत. या पंचेचाळिसात रान धुंडाळणाऱ्याची मजुरी आली, तुकडे करणाऱ्या बाईचा रोज आला, ताडपत्री, पोती, सुतळी, टेम्पोचं भाडं आलं. शिवाय ओला वेल वाळला की त्याचं वजन निम्म्याहूनही खाली येतं. तेव्हा दीड कोटी हा नफा नव्हे, ती उलाढाल. उलाढाल आणि नफा यांतला फरक ज्याला कळत नाही त्यानं धंद्यात पडू नये, आणि ज्याला कळतो त्यानं टपरीवर फार बोलत बसू नये.

पण हे म्हणताना त्या मुलांचं मोल मला तसूभरही कमी करायचं नाही. उलट हा हिशेब मांडला म्हणजेच त्यांनी काय केलं ते दिसतं.

कातकरी हे नावच मुळी धंद्यावरून पडलेलं आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. पानात आपण जो कात खातो तो करण्याचं कसब या लोकांच्या हाती होतं. जंगलाचे कायदे आले, खैर तोडायला बंदी झाली, कातही गेला आणि धंदाही. मग कोळशाच्या भट्ट्या, आणि त्यानंतर वीटभट्ट्या. दिवाळी झाली की भट्टीचा मुकादम वाडीवर येतो, उचल देतो, आणि कुटुंबाच्या कुटुंब भिवंडी-कल्याणकडे निघतं. पोरांची शाळा तिथंच सुटते. पावसाच्या तोंडावर परत यायचं तेव्हा हिशेबात उचल फिटलेली नसते, म्हणून पुढच्या दिवाळीला पुन्हा तोच मुकादम आणि तीच भट्टी. आपल्या राज्यात ज्या तीन जमातींना सरकारनं अतिशय मागास म्हणून वेगळं गणलं, त्यांत कातकऱ्यांचं नाव कोलाम आणि माडिया गोंडांच्या बरोबरीनं आहे.

अशा घरात दिवाळीनंतर गुळवेलीचे रोख पैसे आले, तर उचल घ्यायची की नाही हे ठरवायला माणूस मोकळा होतो. पंचेचाळीस रुपये किलोच्या धंद्यात अडकलेली खरी गोष्ट ही आहे. दीड कोटी हा आकडा त्यापुढं मला तरी धाकटा वाटतो.

आता हौसेबद्दल बोलू. महत्त्वाकांक्षा हा शब्द आपल्या तोंडी जड जातो, आपण हौस म्हणू. आपल्याकडे मुलाबद्दल बापाची हौस ठरलेली असते. पोरगं मुरबाडच्या एमआयडीसीत कायम झालं, किंवा आसनगावहून लोकल धरून ठाणा-मुंबईला नोकरीला लागलं, की बाप मान ताठ करून चालतो. मुलगी दाखवायला आलेला पाहुणा पहिलं विचारतो, "पोरगा कुठं लागला?" पोरानं स्वतःचं काही काढलंय म्हटलं की पाहुणा चहा संपवून उठतो. यात पाहुण्याचा दोष नाही. ठरल्या तारखेला येणारा पगार त्याला दिसतो, धंद्याला अशी तारीख नसते.

धंदा काढणाऱ्याला पहिली दोन-तीन वर्षं वेड्यात काढायची आपली रीत जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथं सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, आणि 1903 साली लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण घेईना कुणी. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. दोन वर्षं! त्या दोन वर्षांत घरात चूल कशी पेटली असेल, कामगाराचा पगार कुठून आला असेल, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. आपण एकदम 1910 सालच्या किर्लोस्करवाडीवर येतो, औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि माळावर कारखाना उभा राहिला इथं. मधली वर्षं गोष्टीत गाळली जातात. धंदेवाल्याला मात्र ती एकेक दिवसानं काढावी लागतात.

तो दिवस कसा असतो ते पाहा. सकाळी कोंबडा आरवायच्या आत टेम्पोवाल्याचा फोन येतो, गाडी खर्डीला बंद पडलीय. वाडीवरची माणसं माल घेऊन आली आहेत, काटा लावायला बसायचं. काट्यावर दोन शब्द होतात, कारण एकाचा वेल ओला आहे आणि त्याला वाळक्याचा भाव हवा आहे. घ्यावा तर आपण बुडतो. न घ्यावा तर तो उद्या व्यापाऱ्याकडे जातो, आणि व्यापारी त्याला काट्यातच कापतो. दुपारी वाळवणावर बायका तुकडे उलटतात. आभाळ भरून आलं की हातातलं ताट टाकून ताडपत्रीकडे धावायचं, कारण एकदा भिजलं की बुरशी धरते आणि कारखाना अख्खी गाडी परत पाठवतो. संध्याकाळी बँकेत जायचं राहून गेलेलं असतं. रात्री घरचे झोपल्यावर वही उघडायची. नोकरीवाल्याला साहेब एक असतो. धंदेवाल्याला गिऱ्हाईक साहेब, मजूर साहेब, बँक साहेब आणि पाऊस तर सगळ्यांचा साहेब.

या सगळ्यात माणूस मोडतो तो कष्टानं नव्हे. शेतकऱ्याच्या पोराला कष्टाचं काय? तो मोडतो उधारीनं. हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक छोटे धंदे इथंच बसतात. समजा, तुम्ही रोज हजार किलो माल पंचवीस रुपयांनी घेता. वाडीवरच्या माणसाला पैसे त्याच संध्याकाळी हवेत, कारण त्याला त्याच संध्याकाळी तांदूळ घ्यायचा आहे. म्हणजे रोज पंचवीस हजार रोख गेले. कंपनी म्हणते, बिल दोन महिन्यांनी चुकवू. साठ दिवसांचे झाले पंधरा लाख. धंदा फायद्यात, मागणी भरपूर, आणि खिशात चहाला पैसे नाहीत! मग माणूस सावकाराकडे जातो, किंवा घरातलं डोरलं सोनाराकडे जातं.

वनधन योजना 2018 साली निघाली. तीनशे जणांच्या एका केंद्राला पंधरा लाखांपर्यंत मदत देण्याची सोय तिच्यात ठेवली होती. वरचा हिशेब आणि ही रक्कम जवळजवळ बसते. ती यंत्रात आणि इमारतीत घालून मोकळं व्हावं की थोडी हाताशी ठेवावी, यावर पुष्कळशा केंद्रांचं नशीब ठरतं. माझं विचाराल तर भिंत कुडाची चालेल, पण हातात रोकड हवी. उद्घाटनाला पाहुणे बोलवायचे असले की उलटं करावं लागतं, ती गोष्ट वेगळी.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. 2006 च्या लघुउद्योगांच्या कायद्यानं, उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या उत्पादकाचं बिल घेणाऱ्यानं जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकवायचं आहे. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट. मोठ्या गिऱ्हाइकाशी कुणी एकदम भांडायला जात नाही हे खरं, पण कायद्याचं नाव बिलाच्या कागदावर छापायला काही खर्च येत नाही. नोंदणी फुकट होते.

गुळवेलीच्या धंद्याला दुसरंही एक भय होतं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि करोनाच्या धास्तीनं घरोघर काढे सुरू झाले. मागणी वाढली ती त्या लाटेवर. लाट ओसरते. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी काही रोग्यांचं यकृत गुळवेलीनं बिघडल्याचं लिहिलं. त्यावर आयुष मंत्रालयानं सांगितलं की गुळवेलीला दोष देऊ नका, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या वेली आहेत, आणि कोणती वेल वापरली हे नीट तपासलेलं नाही. खरं-खोटं वैद्य आणि डॉक्टर पाहतील, आणि ज्याला यकृताचा त्रास आहे त्यानं विचारल्याशिवाय काढा घेऊ नये. धंद्याच्या दृष्टीनं मात्र त्यात मोठी गोष्ट आहे. खरी वेल कुठली आणि भलती कुठली, हे जंगलात उभं राहून ज्याला सांगता येतं त्याच्या मालाला किंमत. ते ज्ञान कातकऱ्याकडे आहे. कंपनीला प्रयोगशाळेत जे तपासावं लागतं, ते वाडीवरची आजी पान चुरगाळून सांगते. या ओळखीचे पैसे बिलात कसे लावायचे, हे अजून कुणाला साधलेलं नाही.

रानाचंही पाहावं लागतं. वनहक्काच्या 2006 च्या कायद्यानं गौण वनउपजावर रानात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. आपला शहापूर तालुका तर सगळाच अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भाग आहे. हक्क आला म्हणजे राखणही आली. गुळवेल वरून कापली तर खालचं मूळ पुन्हा फुटतं, झाडावर राहिलेला तुकडासुद्धा दोऱ्यांसारख्या मुळ्या जमिनीकडे सोडतो. तिला अमृता म्हणतात ते काही उगाच नाही. पण साडेतीनशे टनांची घाई लागली की कुणीतरी मुळासकट ओढतंच. अशा वेळी काट्यावर बसणाऱ्यानं मुळाचा माल परत करायचा असतो, मग गाडी थोडी रिकामी गेली तरी चालेल.

आता घरातलं. पुष्कळ बायामाणसं विचारतात, आम्ही काय काढावं? नाचणीचे पापड, कैरीचं लोणचं, करवंदाचं सरबत, रानभाज्या. शेवळं घेऊन पहाटेच्या गाडीनं कल्याणला जाऊन बसणारी ठाकरीण ही माझ्या मते आपल्या भागातली पक्की धंदेवाली आहे. माल नाशवंत, हंगाम काही आठवड्यांचा, भांडवल पाटीभर. तरी संध्याकाळी रोख घेऊन परतते आणि उधारी एका पैशाची ठेवत नाही. तिच्याकडून शिकायचं ते हे की नाशवंत माल घेऊन उद्यावर भरवसा ठेवायचा नाही. तुम्हाला लोणचं घालायचं असेल तर पहिल्या वर्षी वीस किलोच घाला. बरण्या संपल्या तर पुढच्या वर्षी चाळीस. वहीत स्वतःची मजुरीही लिहा. घरच्या बाईचे हात फुकटात धरले की कुठलाही धंदा कागदावर फायद्यातच दिसतो.

पौषात म्हशाची यात्रा भरते. तिथं घोंगडीवाले येतात, विळे-कोयतेवाले येतात. एका यात्रेत वर्षाचा किती माल खपतो आणि बाकीचे महिने ते कसे काढतात, याची चौकशी यंदा करायची आहे. काय कळेल ते पुढं लिहीन.