सवतीचा टाक आणि साडेआठची मालिका

मैत्रिणींनो, ‘तुला पाहते रे’ आठवते ना? 13 ऑगस्ट 2018 रोजी झी मराठीवर सुरू झाली आणि 20 जुलै 2019 रोजी संपली. तेवढे दिवस इथे उत्रोलीत काय नि तिकडे भोरात काय, साडेआठच्या आत भाकऱ्या उरकायची घाई!

सुबोध भाव्यांचा विक्रांत सरंजामे वयाने केवढा मोठा. तरी गायत्री दातारच्या ईशाचा त्याच्यावर जीव जडला, लग्नही झाले. मग कळले, की त्याची पहिली बायको राजनंदिनी हिचा जीव त्यानेच घेतलेला, आणि ईशा हा तिचाच पुनर्जन्म! ‘काहीतरीच दाखवतात मेले’ म्हणत का होईना, पाहिली आपण.

पण बायांनो, गेलेली बायको नव्या संसारात परत येते ही भीती आपल्याकडे नवी थोडीच आहे? बिजवराशी लग्न झालेल्या मुलीने गळ्यात सवतीचा टाक घालायचा, ही महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली जुनी चाल. नवे लुगडे आले की आधी त्या टाकाला दाखवायचे, मग आपण नेसायचे. का, तर तिने त्रास देऊ नये! भीती भाबडी खरी, पण पहिलीचे नाव घरात कुणी लपवत नसे. आपण कुणाच्या जागी आलो, हे नवरीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असे. विक्रांतने नेमके तेच चोरून ठेवले आणि ईशाचा घात झाला.

म्हणून बिजवराचे स्थळ आले, तर लाजू नका. पहिली कशाने गेली ते तिच्या माहेरीही विचारा. घटस्फोट झाला म्हणत असतील, तर कोर्टाचा हुकूमनामा पाहा. पहिली हयात असून फारकत झालेली नसेल, तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे दुसरे लग्न मुळातच रद्द ठरते. मग हातात काय राहणार, सांगा बरे!

लग्न होऊन गेले असेल, तर तिचा फोटो भिंतीवरून काढू नका. मुले तिची असतील, तर त्यांना तिच्याविषयी बोलू द्या. भाद्रपदात अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घाला. तिच्या आवडीचे काय करायचे, ते मुलांनाच विचारा.

आणि जुनी ओळख हयात असेल, अचानक दारात किंवा मोबाइलवर उगवली असेल, तर? फोन चोरून तपासत बसू नका. मुले निजल्यावर, सासूबाईंच्या माघारी, एकदाच सरळ विचारा. उत्तर मिळेपर्यंत मधे बोलू नका. आपल्या बाजूने तसे काही असेल, तर तेही त्याच रात्री सांगून टाकावे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा ते बरे.