इंजिनाच्या पोटातले काम

मोटार वेगवान करण्याचे दोन मार्ग आपल्या मित्रमंडळींना ठाऊक आहेत. पहिला सायलेन्सरचा. सायलेन्सर बदलला, बॉनेटवर दोन पट्टे ओढले आणि मागे एक पंख बसवला, की गाडी उभ्या जागीच धावू लागते. दुसरा मार्ग इंजिन उतरवून त्याच्या पोटातले भाग बदलण्याचा. हा मार्ग खर्चाचा, तेलकट आणि चिकाटी पाहणारा आहे. शिवाय सारे काम पुरे झाल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही. या दुसऱ्या मार्गाने जाणारी माणसे थोडी, आणि त्यांच्याविषयी मतेही दोनच: घरच्यांच्या मते ती वाया गेलेली, कायद्याच्या मते ती गुन्हेगार. ही दोन्ही मते मला मान्य नाहीत. कला शाखेच्या अंकात पिस्टन आणि क्रँकशाफ्ट कशाला, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी खुशाल पुढच्या पानावरची कविता वाचावी. माझा राग नाही.

माझ्या मामेभावाने परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी पद्मिनी बांधायला घेतली आहे. सुट्टीच्या दिवशी त्याच्या हातात पाने देण्याचे काम माझ्याकडे असते, म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस करतो. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००, पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून ती २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. हे आकडे त्या शेडच्या दारावर खडूने लिहिलेले आहेत. त्यांच्यावरून साधी त्रैराशिके मांडली, तरी चौकातल्या निम्म्या बढाया गळून पडतात.

उदाहरणार्थ, बोअर वाढवणे. "इंजिन बोअर केले, आता बघ कशी पळते," हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. झिजलेला सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठा करून त्यात ओव्हरसाइज पिस्टन घालतात. हिशेब केला तर १०८९ चे होतात ११०५ सीसी. वाढ दीड टक्का! बोअर केल्यानंतर गाडी चांगली पळते ती रिंगा नव्या बसल्यामुळे, म्हणजे हरवलेली ताकद परत मिळाल्यामुळे. कॉम्प्रेशनचेही तसेच. हेड घासून आठास एक हे प्रमाण नवास एक केले, तर पुस्तकी हिशेबाने इंजिनाची कार्यक्षमता साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते. तेवढ्यासाठी पेट्रोल अवेळी पेटून पिस्टनवर हातोडे पडण्याचा धोका पत्करावा लागतो. मग ताकद येते कुठून? इंजिनाने अधिक हवा आत घेतली आणि अधिक वेगाने फिरले, तरच. आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर या इंजिनातला पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो, तेव्हा त्याच्या दर १०० ग्रॅम वजनामागे सुमारे १३० किलोची ओढ कनेक्टिंग रॉडवर पडते. फेऱ्या ६००० केल्या, तर ही ओढ १९० किलोच्या घरात जाते. फेऱ्या वीस टक्क्यांनी वाढल्या, ओढ मात्र चव्वेचाळीस टक्क्यांनी, कारण हा मामला वर्गाचा आहे. जळलेला वायू बाहेर टाकताना पिस्टन वर येतो तेव्हा त्याला खाली दाबून धरणारा दाबही वर नसतो. सारा भार रॉडच्या तळाशी असलेल्या दोन बोल्टांवर येतो. त्यातला एक तुटला की रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. म्हणून जाणता माणूस आधी पिस्टन हलका करतो, रॉडचे बोल्ट नवे घालतो, चारही रॉड काट्यावर तोलून सारख्या वजनाचे करतो आणि क्रँक बॅलन्स करून घेतो. यांपैकी एकाही कामाने ताकद तसूभर वाढत नाही. ताकद वाढवण्याची परवानगी तेवढी मिळते.

बाजारात भारी भाग मिळतात आणि ते आणून घातले की झाले, अशी एक समजूत आहे. फोर्ज्ड पिस्टन घ्या. दाबाखाली घडवलेला हा पिस्टन ओतीव पिस्टनपेक्षा चिवट असतो, हे खरे. पण शर्यतीसाठी वापरतात त्या मिश्रधातूचा असेल तर तो तापल्यावर फुगतोही अधिक. म्हणून सिलिंडरमध्ये त्याला जागा जास्त ठेवावी लागते, आणि थंडीच्या सकाळी इंजिन खडखडते. जागा नेहमीइतकीच ठेवली तर तो गरम झाल्यावर अडकतो. रिंगांचे तसेच. रिंगेच्या दोन टोकांमध्ये फट ठेवायची असते. या व्यासाला ढोबळ मानाने पाव मिलिमीटरच्या थोडी वर. फट कमी पडली तर तापलेल्या रिंगेची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कडाच फोडतात. मामेभाऊ एकेक रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवतो, फीलर गेज घालून पाहतो, बाहेर काढून कानशीचे दोन हात मारतो आणि पुन्हा बसवतो. एक अख्खा रविवार यात गेला. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली तेलाची जागा तर केसाच्या जाडीएवढीही नसते. ती मोजण्यासाठी मेणासारखा एक धागा मिळतो; तो मध्ये ठेवून बोल्ट आवळायचे, पुन्हा खोलायचे आणि चपटलेल्या धाग्याची रुंदी पट्टीवर पाहायची. हे सारे एका वहीत तारीखवार लिहिलेले आहे. मराठी विभागात आपण पाठभेदांचा अभ्यास करतो. एका ओवीतला शब्द बदलला की पुढच्या ओवीचा अर्थ सरकतो, म्हणून संपादक सावध असतो. ती वही पाहिल्यावर मला त्या तळटीपांचीच आठवण झाली. हाताने करायच्या कामाला डोके लागत नाही, असे आपल्याकडे ज्यांना वाटते त्यांना ती वही एकदा दाखवावी, असे फार वाटते.

आता कायद्याकडे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनाजोगे फेरफार करू देत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. यामागचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. रात्री दोन वाजता कानाशी बंदूक झाडल्यासारखे वाजणारे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली घातले, तर मी टाळ्या वाजवीन. पण सरसकट बंदीचा परिणाम काय होतो ते पाहा. सायलेन्सर ऐकू येतो, म्हणून पकडला जातो. इंजिनाच्या पोटातले काम दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, म्हणून ते चोरून होत राहते. आणि चोरून झालेले काम जाणत्या माणसाच्या नजरेखालून कधी जात नाही. वहीत मापे लिहिणारा आणि अंदाजाने बोल्ट आवळणारा, दोघेही कायद्याला सारखेच.

यातली धास्ती वाटावी अशी गोष्ट इंजिनाची नाहीच, ब्रेकची आहे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरच्या वेगावरून गाडी थांबवायची, तर ब्रेकांना छप्पन्न टक्के अधिक उष्णता पचवावी लागते. चोरून इंजिन बांधणारा पैसे इंजिनात घालतो. ब्रेक पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणतो, आणि त्याला विचारणारे कोणी नसते. इंजिन फुटले तर नुकसान त्याचे एकट्याचे; ब्रेक कमी पडला तर नुकसान रस्त्यावरून सायकलने शाळेत जाणाऱ्या पोराचे. माझ्या मामेभावाला मी हे तोंडावर सांगितले आहे, आणि त्याने गाडी रस्त्यावर न आणता शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरच चालवायचे कबूल केले आहे. पण असे मार्ग आहेत ते कोइमतूरला, चेन्नईजवळ. तिथवर गाडी ट्रकवर घालून नेणे किती जणांच्या खिशाला परवडेल?

जर्मनीत फेरफार केलेली गाडी मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडे न्यावी लागते. तो तपासतो, अहवाल देतो, आणि मग तो बदल गाडीच्या कागदपत्रांत नोंदला जातो. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची सोय आहे. तिचे आजचे रूप २००९ पासूनचे. आपल्याकडे सीएनजीचा संच मंजुरी घेऊन बसवता येतो, अपंगांसाठी गाडीत बदल करून घेता येतो. म्हणजे तपासून परवानगी देणे आपल्याला अगदीच अपरिचित नाही. परिवहन खात्याने घरी बांधलेल्या गाड्यांसाठीही अशी एक खिडकी उघडावी, शुल्क वाटेल तेवढे घ्यावे, कामाची वही मागावी, आणि जिच्या वहीत मापे नाहीत ती गाडी खुशाल परत पाठवावी. फक्त त्या तपासणीच्या तक्त्यात ब्रेकचा रकाना इंजिनाच्या रकान्याच्या वर छापावा.