मोहफुलांची कोठी

गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंब मार्च-एप्रिल महिन्यांत भल्या पहाटे मोहाच्या झाडाखाली असते. गळलेली फुले वेचावयाची, अंगणात वाळवावयाची आणि आठवड्याच्या बाजारी व्यापाऱ्याच्या ताजव्यात घालावयाची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हंगामात माल मुबलक आणि घरात पैशाची निकड. साहजिकच भाव पडतो. पुढे पावसाळ्यात तीच फुले पुष्कळ ठिकाणी त्याच कुटुंबास चढ्या दराने विकत घ्यावी लागतात. अशा माणसास व्यापाराची दृष्टी नाही असे म्हणणे अन्यायाचे होय. उणीव आहे ती चार महिने थांबण्याच्या ऐपतीची.

म्हणूनच आदिवासी उद्योगाचा विचार यंत्रापासून सुरू करणे योग्य नव्हे. कोठीच्या आधी यंत्र येते, मग ते धूळ खात पडते. प्रथम माल स्वच्छ हवा. झाडाखालचा पाला जाळल्याने राख फुलांस चिकटते, वणव्याचे भय राहते व मोहाची कोवळी रोपेही जळतात. त्यापेक्षा झाडाखाली जाळी ताणावी आणि फुले मातीवर न पसरता मांडवावर वाळवावीत. ओल राहिलेल्या फुलांना बुरशी येते. खडखडीत वाळलेली फुले घट्ट झाकणाच्या पिंपात टिकतात. बचतगटाने हा माल तारण धरून सभासदास काही रक्कम हंगामातच दिली, तर त्याला बाजाराची घाई राहणार नाही. लाडू-मुरंब्याचा उद्योग त्यानंतरचा.

१९९६ च्या पेसा कायद्याने व २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेने २०११ मध्ये स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकण्यास आरंभ केला. बांबूचा हिशेब ग्रामसभेस ठेवता येतो, तर मोहाचा का येऊ नये?

येथे कार्यकर्त्यांचाही थोडा दोष आहे. प्रशिक्षण घेतलेल्यांची संख्या अहवालात शोभते. कोठीत किती पायली फुले शिल्लक राहिली, हे क्वचितच कोणी विचारतो. शिवाय मोहफुलांच्या साठ्यावर अनेक वर्षे निर्बंध होते. शासनाने ते २०२१ मध्ये शिथिल केले, तरी साठा केल्यास शिपाई येईल ही धास्ती अनेक पाड्यांवर कायम आहे. ग्रामसेवकांनी तो आदेश फुले गळू लागण्यापूर्वीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा, आणि शक्य तेथे तो गोंडी वा भिल्ली बोलीत समजावून द्यावा.