कुदळ न लावता वाचलेले नगर : थेस्पिआयची काळी आणि पांढरी

थर्मोपिली म्हटले की तीनशे स्पार्टन आठवतात. हिरॉडोटसच्या वृत्तांतात मात्र शेवटच्या दिवशी लिओनिडाससोबत स्वेच्छेने मागे राहिलेले आणखी ७०० जण आहेत. ते बिओशिया प्रांतातल्या थेस्पिआय या मध्यम आकाराच्या नगराचे होते. इ.स.पू. ४८० मधल्या त्या खिंडीत तेही कापले गेले आणि पाठोपाठ झर्क्सिसच्या सैन्याने त्यांचे नगर जाळले. लिओनिडासचा पुतळा तेथे १९५५ मध्ये उभा राहिला. या ७०० जणांच्या वाट्याला स्मारक यायला १९९७ साल उजाडले. (धागा)

ग्रंथांत थेस्पिआय अधूनमधूनच डोकावते. थर्मोपिलीनंतरच्या वर्षी प्लाटीआच्या रणांगणावर तिथले १८०० लोक हजर होते. जड चिलखत एकाकडेही उरलेले नव्हते. इ.स.पू. ४२४ मध्ये डीलिअमच्या लढाईत नगराची तरुण पिढी पडली आणि पुढच्याच वर्षी शेजारच्या थीब्जने ही दुर्बलता हेरून थेस्पिआयचा तट पाडला. थेस्पिआयकर त्या लढाईत थीब्जच्याच बाजूने मेले होते, हे थ्युसिडिडीज शांतपणे नोंदवतो. इ.स.पू. ३७१ च्या ल्युक्ट्रानंतर थीब्जने या लोकांना नगराबाहेरच हाकलले.

याखेरीज प्रॅक्सिटेलीझने घडवलेला एरॉसचा पुतळा. मूळची थेस्पिआयची असलेली फ्रिने हिने तो नगराला अर्पण केला आणि तो पाहण्यासाठी लोक लांबून येत. कॅलिग्युलाने तो रोमला नेला, क्लॉडिअसने परत पाठवला, नीरोने पुन्हा नेला. अखेर रोमच्या आगीत तो गेला.

ही सारी माहिती बाहेरच्यांनी, दुसरेच काही सांगताना, जाता जाता दिलेली आहे. त्यात युद्धे आहेत, एक पुतळा आहे, एक देखणी स्त्री आहे. नगर केवढे होते, कधी फुगले, कधी आटले, त्याच्या रानात कोण राबत होते, यांविषयी अक्षर नाही. या प्रश्नांची उत्तरे उत्खननाने दिलेली नाहीत. शेतातून रांगेने चालत गेलेल्या माणसांनी ती दिली. तरीही पुरातत्त्व म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे खड्डा, ब्रश आणि सोन्याचा मुखवटाच येतो. हा क्रम उलटा व्हायला हवा. प्राचीन नगर समजून घ्यायचे तर पहिला मान पायी सर्वेक्षणाचा आणि कुदळीचा त्यानंतरचा.

कुदळीने थेस्पिआयचे काय केले ते आधी पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॉल जामो याच्या नेतृत्वाखाली फ्रेंच अभ्यासक तेथे आले. उत्तर रोमन काळात नगराच्या एका भागाभोवती कोट बांधला गेला होता आणि त्यात जुन्या इमारतींचे कोरीव, लेखयुक्त दगड सर्रास वापरलेले होते. अभ्यासकांना शिलालेख हवे होते, म्हणून त्यांनी तो कोटच पाडून दगड मोकळे केले. शिलालेख अमूल्य निघाले आणि आजही त्यांच्याशिवाय थेस्पिआयचा इतिहास लिहिता येत नाही. पण संकटाच्या काळात कोणत्या आकाराचे गाव जगवायचे हे ज्या पिढीने ठरवले, तिचा तो कोट कायमचा गेला. त्या काळच्या रीतीप्रमाणे हे वागणे बेजबाबदार नव्हते. तरीही ग्रंथातले एक पान वाचण्यासाठी दुसरे फाडणे, हा उत्खननाचा मूळ स्वभावच आहे. आजचे सर्वांत काळजीपूर्वक उत्खननही त्याला अपवाद नाही.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजचे अँथनी स्नॉडग्रास आणि ब्रॅडफर्डचे जॉन बिंटलिफ यांनी बिओशियात वेगळा उद्योग आरंभला. चार-पाच माणसे एकमेकांपासून साधारण १५ मीटर अंतर राखून रांगेने शेत पार करत. प्रत्येकाच्या हातात मावेल एवढा काउंटर. आपल्या पट्ट्यात खापराचा तुकडा दिसला की एकदा खटका दाबायचा. शेत संपले की आकडा लिहायचा, सोबत जमीन कितपत दिसत होती तेही. नुकत्या नांगरलेल्या रानात खापरे उठून दिसतात, गवत माजलेल्या ऑलिव्हच्या बागेत दिसत नाहीत. तेवढी दुरुस्ती केल्याशिवाय दोन शेतांची तुलना फसवी ठरते. काही नमुने गोळा करून तज्ज्ञांपुढे जात. काळ्या लुकणाचा कपाचा काठ अभिजात काळाकडे बोट दाखवतो, तांबड्या चकाकीची थाळी रोमन काळाकडे, आणि कौलाचा तुकडा सांगतो की इथे छप्पर होते.

१९८५ आणि १९८६ मध्ये हीच रीत थेस्पिआयच्या नगरस्थळाला लावली गेली. आजची थेस्पिएस आणि लिओंतारी ही गावे टेकाडावर आहेत. प्राचीन नगर त्यांच्या पायथ्याशी, शेतांखाली. थेस्पिएसचे जुने नाव एरिमोकास्त्रो, म्हणजे ओसाड कोट. ग्रीसमध्ये अनेक प्राचीन नगरांवर आधुनिक शहरे बसली आहेत, त्यामुळे तिथे घरांच्या फटींतून खोदावे लागते. थेस्पिआय मात्र जवळजवळ संपूर्ण मोकळे. पट्ट्यापट्ट्याने चालून कोणत्या शतकात वस्ती कुठवर पसरली होती याचे नकाशे तयार झाले, तेही एक खड्डा न घेता.

मराठी मुलखात गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाते: वस्तीची ती पांढरी, पिकाची ती काळी. बिओशियाच्या सर्वेक्षणाचे खरे धैर्य हे की त्याने दोन्ही एकाच मापाने मोजल्या. नगराच्या पांढरीसोबत भोवतालच्या काळीतूनही तीच रांग तशीच चालली.

आणि काळीत एक कोडे निघाले. जिथे घर नव्हते, शेतवाडी नव्हती, अशा रानातही खापरांचा पातळ थर पसरलेला होता. नगराजवळ तो दाट, दूर जावे तसा विरळ. बिंटलिफ आणि स्नॉडग्रास यांचे उत्तर उकिरडा माहीत असलेल्या कोणालाही चटकन पटेल. शेण, राख, केर आणि फुटकी भांडी एकत्र कुजली, ते खत गाडीने रानात गेले. शेण मातीत मिसळले, खापर उरले. नगराचा कचरा नगराला धान्य पुरवत होता. हे खरे असेल तर ते पसरलेले तुकडे म्हणजे पोट भरण्यासाठी जमीन किती ताणली गेली होती याचे मापच.

हे सर्वांना मान्य नाही. सुसान अल्कॉक, जॉन चेरी आणि जॅक डेव्हिस यांनी १९९४ मध्ये हरकत घेतली: बाहेरचा सारा थर खतावर ढकलता येत नाही, शेतात अन्य कारणांनीही खापरे पडतात आणि विखुरतात. आक्षेप रास्त आहे. परंतु नगराभोवतीचे ते दाट वलय, नगर मोठे असतानाच्याच काळातले, खताइतके दुसऱ्या कशाने नीट उलगडत नाही.

सर्वांत मोलाचा निष्कर्ष लोकसंख्येचा. इ.स.पू. चौथ्या शतकात बिओशियाचा ग्रामभाग शेतवाड्यांनी गजबजलेला होता. इ.स.पू. २०० नंतर त्या एकेक करून विझल्या आणि पुढची काही शतके रान सुने राहिले; पुन्हा भरले ते इ.स. च्या चौथ्या शतकाच्या सुमारास. इ.स.पू. दुसऱ्या शतकात पॉलिबिअस तक्रार करतो की ग्रीक लोक मुले वाढवायला तयार नाहीत, नगरे रिकामी होत आहेत. अनेकांना ही एका नीतिवाद्याची कुरकूर वाटे. त्यावर एक प्रबळ प्रतिवादही होता: शेतवाड्या ओसाड पडल्या याचा अर्थ माणसे संपली असा होत नाही, जमिनी मोठ्या धन्यांकडे गेल्या असतील आणि लोक नगरात राहायला आले असतील.

याचा निवाडा केवळ ग्रामभाग चालून होणार नव्हता. लोक नगरात गेले असतील तर नगर फुगायला हवे. थेस्पिआय फुगलेले नाही, आक्रसले आहे. स्ट्रॅबोच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या काळी बिओशियात तग धरून असलेली नगरे दोनच, थेस्पिआय आणि तनाग्रा; बाकीच्यांचे अवशेष आणि नावे तेवढी उरली होती. त्या तगलेल्या नगराचीही ही अवस्था. बिओशियापुरता तरी पॉलिबिअस कुरकुरत नव्हता, तो पाहत होता. कोणताही शिलालेख हे सांगू शकला नसता, कारण गेलेल्या माणसांची गणती दगडावर कोरून कोणी ठेवत नाही.

खापरांना काही गोष्टी मुळीच ठाऊक नसतात. थीब्जने इ.स.पू. ३७१ नंतर घडवलेली हकालपट्टी थेस्पिआयकरांसाठी प्रलय होती. शेतातल्या तुकड्यांत तिचा मागमूस नाही. खापराला वर्ष समजत नाही, पिढ्याही धूसर दिसतात, शतके मात्र साधारण कळतात. म्हणून सर्वेक्षणाने ग्रंथांची जागा घेऊ नये. मात्र ज्यांनी काही लिहिले नाही आणि ज्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही, त्यांचा इतिहास हवा असेल तर याहून चांगले साधन नाही.

याची दुसरी बाजू तनाग्राची. १८७० च्या दशकात तेथील हजारो थडगी उपसली गेली. डौलदार मातीच्या स्त्रीमूर्ती युरोपच्या बाजारात गेल्या, मागणी वाढली तशा बनावटही निघाल्या. जगभरच्या संग्रहालयांत त्या आजही सुंदर दिसतात, पण बहुतेकींबाबत कोणते थडगे, कोणाचे, सोबत काय होते हे सांगता येत नाही. प्राचीन स्थळावरून आठवण म्हणून खिशात टाकलेले खापरही छोट्या प्रमाणात तेच करते. ते जिथे पडले होते ती जागा हाच त्याचा निम्मा अर्थ.

त्याच तनाग्रात २००० सालापासून बिंटलिफ यांचा चमू पुन्हा चालला. ते तोवर लायडनला गेले होते. या वेळी ल्युब्लियानाचे सहकारी चुंबकीय मापनाची यंत्रे घेऊन सोबत होते, आणि जमिनीखालचे रस्ते व घरांच्या रांगा न खोदताच पटलावर उमटल्या.

थेस्पिआयच्या नगर-सर्वेक्षणाचा ग्रंथ मात्र २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चालणे दोन उन्हाळ्यांचे, वाचणे तीस वर्षांचे. या विलंबावर टीका होते आणि ती अगदीच अनाठायी नाही, कारण मधल्या काळात नांगर थांबलेला नव्हता. प्रत्येक हंगामात तुकडे आणखी बारीक होतात, कडा झिजतात, लुकण उडते. १९८५ मध्ये कपाचा काठ म्हणून ओळखू आलेला तुकडा आज त्याच शेतात नुसता खडा ठरण्याची शक्यता आहे.